आधी खोट सांगणारे शेठ

मला उभं केलं ते शेठनी. हे आधीच लिहून ठेवते. पुढं लिहिताना काही मागंपुढं झालं, एखादी गोष्ट सांगायची राहिली, तरी हे एक वाक्य जागेवर राहील. आईबापांनी जन्म दिला, नवऱ्यानं साथ दिली, पण आज इतक्या लांब कोईमतूरला ज्या कारखान्यात मी पोटाला मिळवते तिथवर मला शेठनी आणलं. आणि त्याच शेठवर आमच्या संभाजीनगरात फसवणुकीची केस चालू आहे. बेचाळीस घरांनी मिळून केली आहे. खोटं सांगून आम्हाला घरात घातलं, असं त्या लोकांचं म्हणणं आहे. शेठ खोटं बोलले का नाही, हे ज्यांना नक्की माहीत आहे अशी माणसं थोडी आहेत, आणि त्यांतली एक मी आहे.

शेठचं नाव इथं घालत नाही. साइटवरही ते कुणी घेत नसे. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो आणि ते सगळ्यांना मालक म्हणायचे. घर बघायला आलेला मालक, प्लास्टर करणारा मालक, गेटवरचा वॉचमन मालक. एकदा टँकरवाल्याला मालक म्हणाले तर तो मागं वळून बघायला लागला, आपल्यामागं कोण उभं आहे म्हणून. बायकांना मात्र माय म्हणायचे, मग ती वयानं कितीही लहान असो. मी तेव्हा सत्तावीसची असेन, ते पंचावन्नच्या पुढचे, तरी मी माय.

आम्ही मूळचे कन्नड तालुक्यातले. शाळा माझी सातवीत सुटली. का सुटली ते सांगण्यासारखं नाही, जशा सगळ्यांच्या सुटतात तशी सुटली. नवरा वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर होता. ते कंत्राट संपलं आणि मी चिकलठाण्याला एका चार मजली इमारतीवर विटा उचलायला जाऊ लागले. एक दिवस दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघी-चौघी दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात डबे सोडून बसलो होतो. समोर नवा ओटा, वर काळा कडप्पा बसवलेला. मी हात धुऊन सहज त्याच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, हा ओटा बांधणाऱ्यानं जन्मात भाकरी थापलेली नाही.

"का गं माय?" असा आवाज आला.

आवाज बाहेरच्या खोलीतून, पार जमिनीवरून आला. तिथं सतरंजीवर एक माणूस आडवा पडला होता. अंगात बंडी, उशाला टॉवेल. आम्हाला वाटलं वॉचमन दिवसा झोपा काढतोय, म्हणून मी न भिता सांगितलं. चार बोटं उंच झालाय. थापताना खांदा वर उचलावा लागतो. दोन भाकरींना चालेल, रोजच्या पंधरा भाकरींना बाईचा खांदा जाईल. तो माणूस उठून आत आला आणि म्हणाला, थाप बरं.

"पीठ कुठंय?"

"पिठाबिगर थाप."

मग मी पिठाशिवाय भाकरी थापली. आधी हसू आलं, बाकीच्या बाया तर पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. पण हाताला सवय असते, दोन घडीत हात आपोआप चालायला लागले. तो माणूस माझ्या हातांकडं बघतच नव्हता. तो खांद्याकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी कामावर आले तर ओटा फोडलेला. इंजिनिअर साहेब तणतणत होते, सगळीकडं हीच उंची असते, एका विटावालीच्या सांगण्यावरून कुणी कडप्पा फोडतं का. तेव्हा मला कळलं की तो वॉचमन म्हणजे शेठ. त्यांनी साहेबांना एवढंच विचारलं, की साहेब, तुम्ही घरी शेवटचा चहा कधी केला. पुढं आठ दिवस साहेब माझ्याकडं बघत नव्हते.

त्यानंतर शेठच्या प्रत्येक इमारतीत कडप्पा बसवायच्या आधी मला बोलवायचे. मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून थापायची, लाटायची, वरच्या फळीवरून न दिसणारा डबा काढायची, वाकून नसलेला सिलिंडर ओढायची. मिस्त्री हसायचे. मला स्वतःलाच कधी कधी भीती वाटायची, की हे सगळं शेठची एक लहर आहे, उद्या ती उतरली की मी परत विटांवर. सातवीत मी गणितातच नापास झाले होते, आणि शेठनी माझ्या हातात टेप दिली. इंच, सूत, काही कळत नव्हतं. रडकुंडीला आले तेव्हा ते म्हणाले, तुझ्या हाताला जे कळतंय ते टेपवर कुठं बसतं एवढंच हुडक, बाकी गणित आम्हालाबी येत नाय. ते खरंच होतं. पुढं जे झालं ते बघता त्यांना गणित येत नव्हतं असंच म्हणावं लागतं.

झोपेचं सांगायचं राहिलं. शेठ त्या दिवशी उगाच नव्हते पडले. घर विकायला काढायच्या आधी ते त्या प्रत्येक घरात एक दुपार झोपून बघायचे. जेवण झालं की सतरंजी काखेत मारून निघायचे. डोळा लागला तर घर पास. नाही लागला तर उठून ओलं बोट हवेत धरून खोलीभर फिरायचे आणि मग एखादी भिंत फोडून तिथं खिडकी काढायचे. म्हणायचे, रात्री काय, माणूस बसस्टँडवर बी झोपतो. दुपारी जिथं डोळा लागतो ते घर.

फरशीचं काम खुलताबादचे एक चाचा बघायचे. दाढी पांढरी, हात वाळूसारखे खरबरीत. शेठ सतरंजी गुंडाळत जिना उतरताना दिसले की चाचा खालूनच विचारायचे, "क्या सेठ, आज भी नींद नक्को बोली?"

"नक्को बोली, चाचा."

"तो मैं बैठूँ?"

"बैठो."

मग चाचा थापी बाजूला ठेवून बिडी पेटवायचे आणि आम्हाला सांगायचे, की बाकीच्या बिल्डिंगी सिमेंटनं उभ्या राहतात, ही या माणसाच्या झोपेनं राहते. एका घरात शेठना तीन दुपारी झोप आली नाही. भिंत फोडून झाली, खिडकी सरकवून झाली. शेवटी शोध लागला की खालच्या पंपाची घरघर भिंतीतून वर येते. पंप हलवायला जागा नव्हती. तर त्यांनी ते घर विकलंच नाही, स्वतः बायकोला घेऊन तिथं राहायला गेले. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. वहिनी येईल-जाईल त्याला सांगायच्या, "जगाला झोपेची घरं दिली आणि बायकोला घरघरीचं." पण सांगताना त्यांच्या तोंडावर राग नसायचा.

इमारतींची नावं हा आणखी एक तमाशा. जमिनीवर आधी जे असेल तेच नाव. बोरी होत्या तिथं बोरवाडी, विहीर होती तिथं जुनी विहीर. एका ठिकाणी नुसत्या बाभळी होत्या, तर तिचं नाव बाभूळबन. विक्रीला ठेवलेला टायवाला माणूस हात जोडून म्हणाला, की शेठ, इतके पैसे मोजून बाभळीत राहायला कोण येईल. शेठ म्हणाले, बाभळीला काटे असतात ते आधीच सांगितलं म्हणजे पायात मोडल्यावर कुणी शिव्या देत नाय.

हेच त्यांचं धंद्याचं सूत्र होतं, आणि केसशी त्याचा संबंध आहे, म्हणून नीट सांगते. शेठ खोट आधी सांगायचे. माणूस घर बघायला आला की त्याला बसवून पाणी द्यायचं आणि सुरुवात करायची. या घराला पश्चिमेचं ऊन आहे, एप्रिल-मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येईल न येईल, बाकी टँकर. शेजारचा प्लॉट रिकामा आहे, उद्या त्यानं उंच बांधलं की तुमचा वारा गेला. हे सगळं झालं की मग म्हणायचे, आता भाव बोलू. काही लोक तिथूनच उठून जायचे. टायवाला डोक्याला हात लावायचा. पण गेलेल्यांतले बरेच आठ-पंधरा दिवसांनी परत यायचे. एक जण म्हणाला होता, बाकी सगळीकडं सगळंच चांगलं सांगतेत हो, भ्या वाटतं.

अशा माणसाचं नाव व्हायला नको होतं, पण झालं. सेंटरिंगच्या फळ्या वाहणारा माणूस आधी चार रो हाउसचा बिल्डर झाला, मग इमारतींचा, आणि मग बायपासच्या पलीकडं अकरा मजल्यांच्या टॉवरचा. टॉवरला एका फायनान्स कंपनीनं पैसा दिला, आणि त्या पैशाबरोबर इंग्रजी नाव दिलं. शेठना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ते 'स्काय का काय' म्हणायचे. अकराव्या मजल्यावर दुपारी झोपून खाली आले तेव्हा मला म्हणाले, वारा लई हाय माय, पण झोपेत पडल्यासारखं वाटतंय. डोळा लागला होता का, असं मी विचारलं. ते सतरंजी गुंडाळत राहिले. त्या मजल्यावर फोडायला भिंतच उरली नव्हती, सगळ्या काचाच.

टॉवरमध्ये पहिल्या मजल्यावर एक नमुन्याचं घर सजवलं होतं. सोफा, पडदे, पुण्याच्या एका कंपनीनं बसवलेलं तयार किचन. तिथं मला पगारावर ठेवलं. येणाऱ्याला ओटा दाखवायचा, चहा करून द्यायचा. गुरुजी पहिल्यांदा तिथंच भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमच्याच बौद्ध समाजातले, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. चहा घेताना त्यांनी माझं माहेर विचारलं आणि लांबचं कुठलं तरी नातं काढलंच. मग येतील तेव्हा जुनी वर्तमानपत्रं घेऊन यायचे. ताई, रोज एक बातमी मोठ्यानं वाचायची, म्हणायचे. अर्ज कसा लिहायचा, वर तारीख कुठं, खाली सही कुठं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. आज मी हे एवढं लिहू शकते त्यात त्यांचाही वाटा आहे, आणि म्हणूनच सगळं अवघड आहे.

गुरुजींनी सातव्या मजल्यावर घर घेतलं. काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे गेलेले होते, पण लिफ्ट असणार म्हणून घेतलं.

त्या उन्हाळ्यात इमारत दिसायला पुरी झाली होती. आतल्या भांडी घासायच्या मोरीपर्यंत सगळं तयार. राहिला होता फक्त बाहेरच्या बाजूचा लोखंडी जिना, आग लागली तर उतरायचा, आणि लिफ्ट. तो जिना झाल्याशिवाय घरात राहायचा परवाना मिळत नाही. लोक वैतागले होते. एकीकडं भाड्याच्या खोलीचं भाडं, दुसरीकडं बँकेचा हप्ता. ते एकेक करून शेठकडं येऊ लागले, की अक्षय तृतीयेचा मुहूर्त आहे, एका दिवसासाठी किल्ली द्या, दूध उतू घालवतो आणि संध्याकाळी किल्ली परत. गुरुजींना मुहूर्त नको होता. त्यांना वैशाख पौर्णिमेला नव्या घरात वंदना घ्यायची होती.

गुरुजी आले त्या दिवशी मी ओट्यापाशी कप भरत होते. शेठ त्यांच्यासमोर बसले होते. मधे तयार किचनचं छोटं टेबल, बस.

"गुरुजी, आधी खोट ऐका," शेठ म्हणाले. "परवाना आलेला नाय. जिना अर्धा हाय. लिफ्ट नाय. कायद्यानं तुम्हाला इथं मुक्काम करता येत नाय. मी किल्ली देतोय ती एका दिवसाची. कळलं ना?"

"कळलं की. मी तरी कुठं राहतो म्हणतोय? पेन्शन हप्त्यात चालली शेठ. निदान एक दिवस त्या घरात मेणबत्ती तरी लागू द्या."

शेठनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी चहा पुढं केला. असंच, याच शब्दांत, त्यांनी माझ्यासमोर किती जणांना सांगितलं असेल. आधी खोट, मग किल्ली.

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेठ किल्ल्या गोळा करायला वर गेले. मीही मागं होते. प्रत्येक दारातून दुधाचा करपट वास येत होता. दारात रांगोळ्या. आत गाद्या, पिंप, पंखे, कपाटं. खाली टेम्पो रिकामे होऊन चालले होते. लोकांनी भाड्याच्या खोल्या सोडूनच दिल्या होत्या. कुणी शेठच्या हातावर पेढा ठेवला, कुणी शिरा. एका म्हातारीनं त्यांना ओवाळलं. शेठ पाचव्या मजल्यापर्यंत गेले आणि एकही किल्ली न घेता खाली आले. बारा दिवसांनी, पौर्णिमेला, गुरुजीही असेच सामान घेऊन राहायला आले. तृतीयेच्या त्या संध्याकाळीच इंजिनिअर म्हणाले होते, उद्या सकाळी टँकर बंद करा, आपोआप निघतील. शेठ पायरीवर बसले होते. म्हणाले, "दूध उतू गेलं की घर झालं त्यांचं. आता घरातल्या माणसाचं पाणी तोडू व्हय?"

इथं शेठ चुकले. मला हे आवडत नाही, पण खरं आहे. बिल्डरला घराचा शेवटचा हप्ता किल्लीबरोबर मिळायचा असतो, आणि किल्ल्या तर गेल्या होत्या. लोक म्हणू लागले, आधी जिना करा, परवाना आणा, मग हप्ता. शेठ म्हणत होते, हप्ता द्या म्हणजे त्यातून जिना होईल. दोन्ही बाजूंना आपापलं बरोबर वाटत होतं, आणि जिना आठव्या मजल्याला लोंबकळत राहिला. फायनान्स कंपनीनं पुढचा पैसा थांबवला. आधी बाभूळबनमधली राहिलेली दुकानं गेली, मग गाडी, मग ऑफिस. टायवाला न सांगता गेला. चाचा मात्र दर आठवड्याला खुलताबादहून यायचे, काम नसताना, आणि शेठजवळ नुसते बसून जायचे.

पावसाळ्यात काकू मोरीत घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. लिफ्ट नाही, म्हणून त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, लुगड्यानं बांधून, सात मजले उतरवलं. खुर्चीच्या चार पायांना चार माणसं. एका पायाला शेठ होते. उतरताना काकू कण्हत होत्या आणि गुरुजी पुढं चालत, पायरी आली, पायरी आली, असं सांगत होते. खाली आल्यावर त्यांनी तिघांचे हात हातात घेतले. शेठकडं बघितलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं तक्रारीचा कागद तयार झाला. गुरुजींनी तो मला वाचायला दिला. वाच ताई, कुठं अडतंय का बघ, म्हणाले, नेहमीसारखं. मी वाचलं. मधे एका ठिकाणी लिहिलं होतं, की सर्व परवानग्या मिळाल्या आहेत असे खोटे सांगून आम्हांस ताबा दिला. मी परत वाचलं. मला वाटलं माझंच वाचणं चुकतंय.

"गुरुजी, शेठ असं नव्हते म्हणाले."

गुरुजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "वकिलांनी लिहिलंय ते. असं लिहिल्याशिवाय केस उभी राहत नाही ताई. मला त्या माणसाला तुरुंगात नाही घालायचं. मला तुझ्या काकूला लिफ्टनं घरी न्यायचंय."

त्यांनी खाली सही केली. पहिली सही त्यांची. मी कागद त्यांना परत दिला.

शेठच्या वकिलांनी मला विचारलं, तू समोर होतीस, कोर्टात सांगशील का. मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून माझं खाणं तुटलं. वकील काय विचारतील, सातवी नापास बाई म्हणून हसतील, गुरुजी समोर बसलेले असतील आणि मी त्यांच्या सहीला खोटं म्हणणार. नवरा म्हणायचा, एवढं काय त्यात, जे ऐकलं ते सांगायचं. त्याला काय जातंय. त्याच सुमाराला पुण्याच्या त्या किचनवाल्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. त्यांचा कारखाना कोईमतूरला होता, मापं तपासायला माणूस हवा होता, नवऱ्यालाही तिथंच लावून घेणार होते. आधीच्या मालकाचं पत्र आणा, म्हणाले.

मी शेठकडं गेले. ऑफिसातल्या खुर्च्या फायनान्स कंपनीनं उचलून नेल्या होत्या. शेठ भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, मांडीवर जुनी फाइल. मी हात जोडून म्हणाले, पत्रात बारावी पास लिहा, नाहीतर घेणार नाहीत. कितीतरी दिवसांनी शेठ हसले.

"जन्मभर खोट आधी सांगितली माय. तुझीच लपवू व्हय?"

आणि त्यांनी फाइल पालथी धरून त्यावर कागद ठेवला आणि लिहिलं. ही सातवी नापास आहे. इंग्रजी येत नाही. घाबरट आहे, मोठ्या माणसापुढं बोलत नाही. माझ्या सगळ्या इमारतींतले ओटे हिच्या मापानं बांधले आणि एकाही बाईची तक्रार आली नाही. खाली सही. मला वाटलं, आता कसली नोकरी. मॅनेजरनं ते पत्र दोनदा वाचलं आणि कधी येता म्हणून विचारलं.

पण त्या दिवशी ऑफिसातून निघता निघता मी कोर्टाचं काढलं. म्हणाले, मी गेले तर तुमच्याकडून बोलणार कोण. शेठ फाइल बांधत होते. वर न बघता म्हणाले, "तारीख आज लागती, सहा महिन्यांनी लागती. नोकरी थांबत नाय. तू जा." मग फाइलला गाठ मारून, "जे झालं ते झालंय की. कुणी सांगितलं नाय म्हणून ते पुसलं जातंय का?"

मी ती परवानगी समजले. समजले म्हणजे, समजून घेतलं. मला तेच ऐकायचं होतं.

इथं येऊन आता चौथं वर्ष. काम बरं आहे, लोक चांगले आहेत. कारखान्यात सगळे मला अक्का म्हणतात, तो एक शब्द तेवढा आपल्यासारखा वाटतो. मुलगी तमिळ फाडफाड बोलते आणि मला लाज वाटेल असं मराठी बोलते. ज्वारी मिळते, पण भाकरीला ती गोडी नाही. कधी कधी दुपारी मशीन बंद असतात तेव्हा उगाच वाटतं, की आत्ता जिन्यावरून कुणी "काय मालक" म्हणत खाली येईल. इथली हवा चांगली, झाडं हिरवी, आणि मला आमचं ते उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ आठवतं, चिकलठाण्याच्या पट्टीवर खाली उतरणारं विमान आणि ते जाईपर्यंत थांबवलेलं बोलणं. लांब राहिलं की माणसाला स्वतःच्या गावाची खोटसुद्धा गोड लागते.

वहिनींचा फोन येतो. ते घरघरीचं घरही लिलावात गेलं. आता दोघं दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. शेठ दुसऱ्या एका बिल्डरच्या साइटवर देखरेखीला जातात, डबा घेऊन, शेअर रिक्षानं. टॉवरच्या लोकांनी शेवटी आपसात वर्गणी काढून जिना पुरा केला, लिफ्ट बसवली, परवानाही आला. काकू आता खाली बागेत येऊन बसतात म्हणे. सगळ्यांचं झालं. केस तेवढी राहिली. ती आता कुणाला नकोय आणि कुणी मागंही घेत नाही, आणि शेठ दर तारखेला धुतलेला शर्ट घालून कोर्टात जाऊन बसतात. वहिनी म्हणाल्या, पैसा गेल्याचं ते कधी बोलत नाहीत. पण परवा बाजारात कुणीतरी ओळखीच्यानं आपल्या पोराला सांगितलं, की बघ, हाच तो, लोकांना फसवणारा. तेव्हापासून भाजी आणायला जात नाहीत.

ते ऐकल्यावर मला राहवेना. आठ दिवस घाबरून मग मी गुरुजींना फोन केला. आधी शेठच्या वकिलांना करायला हवा होता, पण मला वाटलं पहिल्यांदा त्यांना सांगावं. मी म्हणाले, गुरुजी, मी तारखेला येऊन सांगणार आहे, त्या दिवशी किल्ली देताना शेठ तुम्हाला काय म्हणाले ते. तुमची सही आहे त्याच्या विरुद्ध जाईल. मला माफ करा.

पलीकडून पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"ये ताई," गुरुजी म्हणाले. "मी समोरच बसलेला असेन. माझ्याकडं बघून सांग."

वकिलांना मी पत्र लिहिलं आहे, वर तारीख, खाली सही. रजेचा अर्जही लिहून ठेवला आहे, त्यात फक्त दिवस भरायचा राहिला आहे. शेठ, तुमचं देणं मोठं आहे, ते सगळं या जन्मात फिटणार नाही. पण तारीख पुढच्या महिन्यात लागो नाहीतर पुढच्या वर्षी, दोन रात्रींचा प्रवास असो, मी येणार. घाबरत का होईना, उभी राहणार, आणि तुम्ही जे जे सांगितलं होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता, मोठ्यानं सांगणार.